दोन पाण्यांत धुतलेला चोथा

सर,

परवा तुमच्या जलदानविधीला आले होते. हॉलमध्ये अगदी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या आणि भन्तेजींच्या मागोमाग सगळे त्रिशरण म्हणत होते. मला ते पाठ नाही, म्हणून नुसते हात जोडून बसले. मग एकेक जण बोलायला उठला. कुणी म्हणालं, वाघमारे सरांनी हयातभर पाण्याचं काम केलं. कुणी म्हणालं, सरांना कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही. तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं. "मेधाताई सरांच्या पहिल्या संशोधक विद्यार्थिनी. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाहीये. शेजारच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला.

मला रडू येत नव्हतं, सर. मला जे बोलायचं होतं ते दोन शब्दांचं नव्हतं आणि ते त्या लोकांना सांगण्यासारखंही नव्हतं. ते फक्त तुम्हाला सांगायचं होतं.

तुमच्याकडे मी आले ती काही भक्तिभावाने नाही. एम.एस्सी. झाले होते, पीएच.डी.ला मार्गदर्शक मिळत नव्हता. तुमच्याकडे जागा होती, कारण तुमच्याकडे कुणी जात नव्हतं. का जात नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नारायण पेठेतल्या आमच्या घरी मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. "वाघमारे. बरं. विषय काय आहे?" म्हटलं, शेतातला कचरा वापरून सांडपाण्यातला रंग काढायचा. "म्हणजे कचराच," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून रसवंत्यांवर फिरवलंत. रस काढून झालेला उसाचा चोथा आपण पोत्यात भरायचो. कर्वेनगरच्या रसवाल्याने विचारलं होतं, "काय सर, घरी जनावरं पाळलीत का?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "एकच आहे. एम.एस्सी. झालंय." मला राग आला होता. ते पोतं मांडीवर घेऊन कॉलेजपर्यंत येताना मी एक शब्द बोलले नव्हते. तुम्ही फाटकातून आत शिरताना म्हणालात, "जनावर रुसलेलं दिसतंय." तेव्हा हसू आलं. त्यानंतर मला तुमची भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, असं आता वाटतं.

तो चोथा धुवायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा आणि रंगीत पाण्यात टाकायचा. पहिल्यांदा तुम्ही ते करून दाखवलंत तेव्हा काचेच्या भांड्यात गर्द गुलाबी पाणी होतं. तासाभराने ते गाळलंत आणि खिडकीशी पांढऱ्या कागदासमोर धरलंत. पाणी नितळ. सगळा रंग चोथ्याने धरला होता. "बघ," तुम्ही म्हणालात, "ज्याला लोक पायाखाली टाकतात त्याची ताकद." हे तुम्ही चोथ्याबद्दलच बोलत होतात की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

तुमचा एकच नियम होता. सात पाणी. चोथा सात वेळा धुवायचा. "उसात साखर असते, मेधाबाई. साखर राहिली की भानगड. सात म्हणजे सात, सहा नाही." मी पहिलं वर्ष सात पाणी दिलं. हाताची कातडी सुरकुतून जायची.

आपला एक वाद तुम्हाला आठवत असेल. तो कधी संपलाच नाही. तुम्ही म्हणायचात, "रंग पाण्यातून काढलास, छान. आता तो चोथ्यात आहे. चोथा कुठे ठेवणार?"

"जाळू या, सर. कारखान्याला जळण होईल."

"आणि धूर?"

"मग पुरू या."

"आणि जमीन?"

"मग काहीच करायला नको, सर!"

"असं मी कुठे म्हटलं? मी एवढंच विचारलं, कुठे ठेवणार?"

कॅन्टीनच्या बाकावर, स्कूटरवर, मंडईत तुम्ही घरी शालिनीताईंसाठी पेरू निवडत असताना, हा वाद कुठेही सुरू व्हायचा. मी दर वेळी चिडायचे, कारण उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळच्या कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. तेव्हा सगळेच जात होते. माझ्या वर्गातली दोन मुलं बंगळूरला गेली होती, एक अमेरिकेला. क्लास साडेचारला असायचा आणि सात पाण्यांत चार कुठे वाजायचे कळायचं नाही. एक दिवस मी चोथा दोन पाण्यांतून काढला. तुम्ही वर्गावर होतात. त्या चोथ्यानेही रंग तेवढाच धरला. आकडे तंतोतंत तसेच आले. मला वाटलं, सरांचं आपलं काहीतरी जुन्या माणसांसारखं. वहीत मी "सात" लिहिलं. पुढे रोज दोनच पाणी देत गेले आणि रोज "सात" लिहीत गेले.

त्या दिवाळीच्या सुट्टीआधी घाईत एक भांडं धुवायचं राहिलं. त्यात वापरलेला चोथा ओलाच होता. सुट्टीनंतर मी दार उघडलं तर खोलीभर आंबूस वास. चोथा आंबला होता, वर बुडबुडे आले होते, आणि भोवतीचं पाणी पुन्हा गर्द गुलाबी झालं होतं. धरलेला सगळा रंग चोथ्याने सोडून दिला होता. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. साखर राहिली, चोथा आंबला, आंबटपणाने रंग सुटला. हे वहीत लिहिलं असतं तर दोन पाण्यांचं बिंग फुटलं असतं आणि सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं असतं. तुमची स्कूटर बाहेर थांबल्याचा आवाज आला. मी भांडं बेसिनमध्ये ओतलं, नळ पूर्ण सोडला आणि खिडक्या उघडल्या. तुम्ही आत येऊन म्हणालात, "कसला वास येतोय?" मी म्हटलं, खोली बंद होती ना, सर.

मग वारज्याचा कारखाना मिळाला. ओढ्याकाठी लोकरीच्या लडी रंगवायचं छोटंसं काम होतं. मालक नानासाहेब भला माणूस. त्यांचं गुलाबी पाणी ओढ्यात जायचं म्हणून गावकरी भांडायचे, म्हणून त्यांनी आपल्याला बोलावलं. सिमेंटची टाकी बांधली, तिच्यात चोथ्याचे थर दिले. पहिल्या दिवशी खालच्या पाइपातून पांढरं स्वच्छ पाणी आलं तेव्हा कामाच्या बायका ओंजळीत घेऊन बघत होत्या. नानासाहेब म्हणाले, "सर, हे पाणी मी सगळ्यांदेखत पिऊन दाखवतो." तुम्ही म्हणालात, "पिऊ नका. फक्त रंग गेलाय, बाकी सगळं आहे." सगळे हसले. तुम्हाला इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

बायकांना चोथा धुवायला शिकवायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. उन्हाळा होता, टँकरचं पाणी यायचं. त्यातली एक म्हणाली, "बाई, सात येळा धुवायला पानी कुठनं आनायचं?" मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "दोन पाणी पुरे."

भांड्यातलं ते गुलाबी पाणी मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं.

वापरलेला चोथा कुठे ठेवायचा याचा आपला वाद चालूच होता, तोवर नानासाहेबांनी तो मागच्या अंगणात ढीग करून ठेवला. पावसाळ्यात ढीग भिजला. श्रावणात एका सकाळी कारखान्यातून निरोप आला आणि आपण दोघं गेलो. ढिगापासून एका बांधापलीकडे हौसाबाईंची विहीर होती. त्या मेथी, कोथिंबीर, पालक लावायच्या आणि पहाटे मंडईत नेऊन द्यायच्या. त्यांनी पोहरा वर ओढला आणि आपल्यासमोर पालथा केला. दगडावर गुलाबी पाणी पसरलं.

"परवापास्नं असं येतंय," त्या म्हणाल्या. "म्हशीनं तोंड लावलं न्हाई. मंडईत माझी मेथी उलटून टाकली. म्हनले, गुलाबी हिरीची भाजी नगं."

नानासाहेब घाबरून आधीच ढीग ट्रॅक्टरवर लादून कुठेतरी फेकून मोकळे झाले होते. तपासायला चिमूटभर चोथा उरला नव्हता. "सर, बाईंनी सांगितलं तसंच केलं हो आम्ही," ते सारखं म्हणत होते. ते खरं बोलत होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि हौसाबाईंपुढे हात जोडलेत.

"चूक माझी आहे, बाई. माझा अंदाज चुकला."

"तुमी शिकल्याली मानसं," हौसाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट होतं. "तुमचं चुकलं तर आमी कुनाकडं जायाचं?"

परतताना तुम्ही पुलावर स्कूटर थांबवलीत. मागे न वळता विचारलंत, "मेधा, कारखान्यात सात पाणी देत होते ना?"

"हो, सर."

तुम्ही एकदाही उलटून विचारलं नाहीत. "मग माझंच काहीतरी चुकलंय," म्हणालात आणि किक मारलीत.

पुढचं तुम्ही भोगलंत. कॉलेजने चौकशी केली. टाकी फोडली, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली, तुम्हाला पुन्हा अकरावीच्या वर्गांवर पाठवलं. एक दिवस मी एका अर्जावर सही घ्यायला स्टाफरूममध्ये गेले होते. विभागप्रमुख चहा पीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तरी सांगत होतो. राखीव जागेवरून आलेल्यांच्या हाती प्रयोगशाळा दिली की दुसरं काय होणार? विहीर गुलाबी झाली, नशीब." दोघे-तिघे हसले. मी त्यांच्या बशीकडे बघत राहिले. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. तुम्ही उभे होतात, हाताला खडू लागलेला. तुम्ही सगळं ऐकलं होतंत. एक वाक्य मला बोलायचं होतं. "चूक सरांची नाही, माझी आहे." पाच-सहा शब्द. मी नारायण पेठेतली, माझ्या चुकीला कुणी जात लावली नसती. एक मुलगी आळशी निघाली, एवढंच झालं असतं. तेही मला झेपलं नाही.

तुम्ही म्हणालात, "मेधा, झाली का सही? चल."

जिन्यावर मी रडायला लागले. तुम्ही मला समजावत होतात, सर. तुम्ही मला! "अगं, याची सवय असते आम्हाला. तू कशाला रडतेस? तुझं यात काही नाही."

मी पीएच.डी. सोडली. सॉफ्टवेअर कंपनीत अर्ज केला आणि शिफारसपत्र मागायला तुमच्याकडेच आले. तुम्ही तिथेच बसून, स्वच्छ अक्षरात लिहून दिलंत. त्यात एक ओळ आहे, "कामात काटेकोर, नोंदी पूर्णपणे विश्वासार्ह." मी ती वाचली, घडी घातली आणि थँक यू म्हटलं.

नोकरी मिळाली. तेव्हा साल दोन हजारची धांदल होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असायचे, त्यामुळे पुढे काय काय बिघडेल ते हुडकायचं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात मी फार हुशार निघाले. वर्षभर अमेरिकेत राहिले, परत आले, लग्न केलं, वारज्याला फ्लॅट घेतला. तोवर नानासाहेबांचा कारखाना बंद पडला होता आणि ओढ्याकाठची शेतं सोसायट्यांना गेली होती. हौसाबाईंचं शेतही गेलं. विहीर दुसऱ्या वर्षी निवळली होती म्हणतात, पण मंडईत त्यांची भाजी पुन्हा कुणी घेतली नाही. आता त्या मंडईतूनच भाजी आणून आमच्या चौकात हातगाडीवर विकतात. मी त्यांच्याकडून मेथी घेते. त्या मला ओळखत नाहीत. "ताई, ताजी हाय, आजची हाय," म्हणतात. मी जुडी पिशवीत टाकते आणि निघते.

वास्तुशांतीला तुम्ही आलात. गॅलरीत जाऊन बराच वेळ खाली बघत राहिलात. "इथला ओढा कुठे गेला?"

"पाइपात घातलाय, सर. वरून रस्ता गेला."

"वा. म्हणजे आता कुठलाही रंग सोडा, दिसणारच नाही. एवढं सोपं होतं तर आपण उगीच चोथा धूत बसलो."

त्या क्षणी मी म्हटलं होतं, "सर, मला एक सांगायचंय." तुम्ही वळलात. खरंच सांगणार होते. पण आतून नवऱ्याने हाक मारली, त्याच्या ऑफिसचे लोक आले होते. मी त्यांना पाणी दिलं, घर दाखवलं, पानं वाढली. जेवण झाल्यावर तुम्ही मुद्दाम थांबून विचारलंत, "काय सांगत होतीस?" मी म्हटलं, "काही नाही. ताईंना का नाही आणलंत, हेच."

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी काय वाटलं, ते लिहायची लाज वाटते. वाटलं, सुटले. मिनिटभर तसं वाटलं. मग कळलं की आता तर कायमची अडकले. तुम्ही मला रागावला असतात, कदाचित दार लावून घेतलं असतंत. तेही आता मिळणार नाही. उगाच मनाची समजूत घालायला मी असंही म्हणून बघितलं की तुम्हाला आतून माहीतच असणार. तुम्ही इतके हुशार होतात.

काल सकाळी मी तुमच्या घरी गेले. शालिनीताई एकट्याच होत्या. त्यांनी चहा केला आणि मला मागच्या गॅलरीत नेलं. तिथे ओळीने बरण्या होत्या, सर. लोणच्याच्या, मुरंब्याच्या, कॉफीच्या. प्रत्येकीत गुलाबी चोथा आणि वर नितळ पाणी. बरण्यांवर तुमच्या अक्षरात चिठ्ठ्या. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं हेच चाललं होतं. रसवंतीवरून चोथा आणायचा, न्हाणीघरात सात वेळा धुवायचा, रंगवायचा. मग कधी पावसात ठेवायचा, कधी उन्हात, कधी मीठ घालून, कधी विहिरीची माती घालून. रंग काही सुटला नाही बघ. मी म्हणायचे, अहो, सोडा आता हा नाद. तर म्हणायचे, माझं कुठे चुकलं तेवढं सापडू दे, मग सोडतो."

म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही दर वेळी सात पाणी देत होतात, कारण मी "हो, सर" म्हटलं होतं.

मी उभ्यानेच ताईंना सगळं सांगितलं. वही, भांडं, टँकर, पूल, स्टाफरूम. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा तसाच होता.

"दोन पाणी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढंच होतं?"

"हो, ताई."

महापालिकेच्या शाळेत आयुष्य गेलेली बाई, मुलांना ओरडतानाही आवाज चढवला नसेल. माझ्यावरही चढवला नाही.

"मग त्यांना सांगायचं होतंस, मेधा," त्या म्हणाल्या. "रविवारी ते घरीच असायचे."